पंपापाशी सुरू होणारी इजा

व्यासपीठावरील मान्यवर, हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट बंधुभगिनी, स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. या परिषदेचा विषय त्यांच्या पंपापाशीच सुरू होतो.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन लावून एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले. तिचे रक्ताभिसरण २६ मिनिटे पूर्णपणे यंत्रावर होते. त्या शोधाने असंख्य जीव वाचवले, पण तांबड्या पेशींना यंत्राचा मार बसायचा थांबला नाही. पंपाचा रोलर रक्ताची नळी दाबतो तेव्हा काही पेशी फुटतात. शस्त्रक्रियेच्या जागेतले रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनचा त्रास त्याहून मोठा. टोक अर्धे रक्तात, अर्धे हवेत राहिले की घुरघुर ऐकू येते, रक्ताचा फेस होतो आणि त्यात पेशी चिरडल्या जातात. मग रक्ताच्या नमुन्यातला पिवळसर प्लाझ्मा गुलाबी दिसू लागतो. युरीन बॅगेतही लाली उतरू शकते.

फुटलेल्या पेशींतून मोकळे झालेले हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन बांधून ठेवते. त्याचा साठा संपला की हे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते. वाहिन्या आवळतात. मूत्रपिंडाला तर दुहेरी फटका: रक्त कमी मिळते, आणि गाळून आलेले हिमोग्लोबिन सूक्ष्म नलिकांना इजा करते.

ही इजा टाळण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड बाहेरून देण्याचा, चीनमधील शिआनच्या २४४ रुग्णांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक झडपा बदलताना आणि त्यानंतर हा वायू दिल्यावर मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचे प्रमाण ६४ टक्क्यांऐवजी ५० टक्के आढळले. अभ्यासातल्या बहुतेक रुग्णांच्या झडपा ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेल्या होत्या. असे रुग्ण महाराष्ट्रातल्या वॉर्डांनाही परिचित आहेत. मात्र २०२२ च्या, १,३७१ बालकांवरील चाचणीत हार्ट-लंग मशीनच्या ऑक्सिजनेटरमधून हाच वायू देऊनही व्हेंटिलेटरविना जाणारे दिवस वाढले नाहीत. दुसरा मार्ग हॅप्टोग्लोबिनचा: जपानमध्ये ते मानवी रक्तापासून काढलेले औषध म्हणून मिळते.

या उपायांवर इथे कसून चर्चा व्हावी. पण समितीला अधिक आस्था आहे ती आजच हाती असलेल्या गोष्टींची: सक्शनचा जोर बेताचा ठेवणे, रोलरचा दाब प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी तपासणे, साचलेले रक्त शक्य तेव्हा सेल सेव्हरमध्ये धुऊन मगच परत देणे. मूत्रपिंडाची इजा दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात वाढते तोवर बराच वेळ गेलेला असतो. म्हणून पहिल्याच सत्रात भूलतज्ज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट एकत्र बसून, हार्ट-लंग मशीनवरचा बायपास चालू असतानाच प्लाझ्मातले मोकळे हिमोग्लोबिन कधी मोजायचे, हे ठरवणार आहेत.