चॅपेल हिलचा मुलींचा फुटबॉल संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘फुटबॉल’ म्हटलें, कीं चेंडू हातांत धरून धांवण्याचा धसमुसळा खेळ लोकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आपल्याकडील मुलें पायांनीं खेळतात त्या खेळास तेथें ‘सॉकर’ म्हणतात. त्यांत तेथील पुरुष फारसे कधीं चमकले नाहींत. मुलींनीं मात्र जग जिंकलें. त्या यशाचें एक मोठें मूळ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील मैदानांत आहे.

सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, असा कायदा तेथें १९७२ सालीं झाला. त्याच्या मूळ वाक्यांत खेळांचें नांवही नव्हतें. पण कायदा झाला म्हणून मैदान आपोआप मिळत नाहीं. तें मागावें लागतें. चॅपेल हिलच्या विद्यार्थिनी आपसांत एक क्लब चालवीत. १९७९ सालीं त्यांनीं, आमचा संघ विद्यापीठाचा म्हणून मान्य करावा, अशी मागणी केली. क्रीडाप्रमुखांनीं पुरुषांच्या संघाचे शिक्षक अँसन डॉरन्स यांस मुलींचा खेळ पाहून येण्यास सांगितलें. ह्या गृहस्थांचा जन्म १९५१ सालीं आपल्या मुंबईंत झालेला, हें ऐकून श्रोत्यांस कौतुक वाटेल. त्यांचें मत अनुकूल पडलें, आणि दोन्ही संघ त्यांच्याच गळ्यांत आले!

त्यांची शिकविण्याची रीत मोठी कडक. सरावांतील प्रत्येक झुंजीचे गुण मांडावयाचे, आणि कोण कितवी तें सर्वांस दिसेल असें लावावयाचें. निकालपत्रक भिंतीवर लागलें, कीं पहिला व शेवटचा दोघेही अस्वस्थ होतात, हें शाळेंत गेलेल्या कोणासही ठाऊक आहे. ह्या मुली मैत्रिणींशींच झुंजून तयार झाल्या. १९८१ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें, आणि १९८६ पासून १९९४ पर्यंत तें ओळीनें नऊ वर्षें त्यांच्याकडेच राहिलें. १९९१ सालीं चीनमध्यें स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तींत अमेरिकेनें नॉर्वेस २-१ असें हरविलें. शिक्षक डॉरन्सच होते. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स आणि एकोणीस वर्षांची मिया हॅम, दोघीही चॅपेल हिलच्याच.

मग इतर विद्यापीठेंही शहाणीं झालीं. ओळीनें ९२ सामने जिंकलेल्या ह्या संघास १९९४ सालीं नोटर डेमनें बरोबरींत रोखलें. पुढच्याच वर्षीं, उपांत्य सामन्यांत आणि तेंही घरच्या मैदानावर, सिंडी पार्लो ह्या नव्या मुलीच्या डोक्यास लागून चेंडू आपल्याच गोलांत गेला. नोटर डेम १-० नें जिंकलें. नऊ वर्षांची माळ तुटली ती अशी! परंतु तिला कोणीं संघाबाहेर काढलें नाहीं. १९९६ सालीं अजिंक्यपद परत आलें तेव्हां ती संघांत होती. आणि २०२० सालीं हीच पार्लो अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची अध्यक्षा झाली.

डॉरन्स २०२४ च्या ऑगस्टमध्यें, हंगामाच्या तोंडावरच, निवृत्त झाले. आतां संघ ढेपाळणार, असें पुष्कळांस वाटलें असेल. त्याच डिसेंबरांत डेमन नाहास यांच्या हाताखालीं मुलींनीं वेक फॉरेस्टवर १-० असा विजय मिळविला.