मालाची वाटचाल आणि उद्योगांची स्पर्धा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषय थोडा रूक्ष आहे. इंग्रजीत ज्यास लॉजिस्टिक्स म्हणतात त्यास मराठीत सर्वमान्य असा शब्द अद्याप रुळलेला नाही. तथापि ‘रसद’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो, आणि रसद तुटली म्हणजे काय होते, हे १७६१ च्या पानिपतानंतर मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. कच्चा माल कोठून आणावयाचा, किती साठवावयाचा, तयार माल कोणत्या मार्गाने, किती दिवसांत व कोणत्या अवस्थेत गिऱ्हाइकाच्या दारी पोचवावयाचा, आणि या प्रवासाची खबर कोणी ठेवावयाची, या साऱ्याची आगाऊ आखणी म्हणजे व्यापारातील रसद होय.

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, परदेशी बाजारात ज्याचा माल चांगला व स्वस्त, त्याचीच सरशी होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. आमच्या परिचयाचे एक ज्ञातिबंधू यंत्रांचे सुटे भाग तयार करतात. त्यांचा दर कमी होता, मालात खोट नव्हती. तरीही एका परदेशी गिऱ्हाइकाने दोन वर्षांनंतर मागणी बंद केली. कारण इतकेच की, माल कधी बारा दिवस आधी येई तर कधी वीस दिवस उशिरा, आणि मध्यंतरी तो कोठे आहे असे विचारले असता कोणासच उत्तर देता येत नसे. त्या अनिश्चिततेपायी गिऱ्हाइकास महिन्याभराचा जादा साठा गोदामात ठेवावा लागे. साठ्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि जागेचे भाडे हिशेबात धरल्यावर आमच्या बंधूंचा स्वस्त माल त्यास महागच पडत होता.

केवळ वाहतुकीचा खर्च हा आता पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्क बंदरातून ‘आयडियल-एक्स’ नावाचे जहाज ५८ पोलादी पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. ही कल्पना मॅल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या व्यावसायिकाची होती. सुटा माल जहाजावर चढविण्यास त्या काळी टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. पेट्यांच्या पद्धतीने तो खर्च १६ सेंटांच्याही आत आला. पुढे सर्व जगाने ही पेटी, म्हणजे कंटेनर, स्वीकारली आणि स्वस्त जलवाहतूक स्पर्धक कंपन्यांस जवळजवळ सारखीच खुली झाली. जे सर्वांस मिळते त्यात कोणाचीच आघाडी उरत नाही. आघाडी उरली ती योजनेत, आणि तेथे एका देशातील कंपनी दुसऱ्या देशातील कंपनीहून किती वेगळी वागते, हे पाहण्यासारखे आहे.

याचे एक उदाहरण आम्ही थोडे विस्ताराने सांगतो. फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन या शेजारी देशांतील दोन कंपन्या. दोघीही भ्रमणध्वनीचे संच बनवीत व एका महत्त्वाच्या चिपेसाठी फिलिप्स कंपनीच्या अमेरिकेतील अल्बुकर्की येथील कारखान्यावर अवलंबून असत. १७ मार्च २००० रोजी तेथे वीज पडून आग लागली. आग सुमारे दहा मिनिटांत विझली. परंतु चिपा ज्या निर्मळ दालनांत बनतात तेथे धुळीचा कणही चालत नाही. धुराने व पाण्याने तेथील माल नासला. कारखान्याने दोन्ही गिऱ्हाइकांस कळविले की, आठवडाभराचा खोळंबा होईल. निरोप एकच, त्याचे वाचन मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारे झाले. नोकियात मालाच्या आवकीवर नजर ठेवणाऱ्या माणसांनी ही बातमी लगोलग वरिष्ठांपर्यंत नेली, त्या चिपांची रोज विचारपूस सुरू केली, आणि प्रकरण आठवड्याचे नसून महिन्यांचे आहे असे ध्यानी येताच चिपांच्या रचनेत फेरफार करून त्या अन्य कारखान्यांत बनविण्याची तजवीज केली. एरिक्सनने खर्च वाचविण्याकरिता पर्यायी पुरवठादार पूर्वीच कमी केले होते, आणि आगीची बातमी खालच्या पायऱ्यांवरच कित्येक आठवडे पडून राहिली. ती वर पोचली तेव्हा बाजारात शिल्लक काही नव्हते. सुमारे ४० कोटी डॉलरांची विक्री हातची गेली. २००१ साली एरिक्सनने आपला संचांचा धंदा जपानच्या सोनी कंपनीबरोबर भागीदारीत घातला. त्याला अन्य कारणेही होती, पण हा फटका त्यांतील एक ठळक कारण होय. नोकियाच्या पुढील कथेवरून कोणी आम्हांस टोकेल, म्हणून तेही सांगून टाकतो: तिचाही संचांचा धंदा २०१४ साली मायक्रोसॉफ्टकडे गेला. रसद उत्तम असली तरी गिऱ्हाइकाची आवड बदलली तर ती एकटी काय करणार?

‘साठा शक्य तितका कमी ठेवा’ हा मंत्र जगाने जपानच्या टोयोटा कंपनीकडून घेतला. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच, ही कीइचिरो टोयोडा यांची कल्पना तायइची ओनो यांनी कारखान्यात उतरविली. परंतु टोयोटाचे कित्येक पुरवठादार तिच्या कारखान्यांच्या आसपासच वसलेले होते, हे अनुकरण करणाऱ्या अनेकांनी ध्यानात घेतले नाही. ज्यांचा भाग दोन समुद्र ओलांडून येतो त्यांनी अर्ध्या दिवसाचा साठा ठेवणे म्हणजे धाडसच. खुद्द टोयोटानेही ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आपला मंत्र तपासून पाहिला. पुरवठादारांचे पुरवठादार कोण, याची माहिती तिने गोळा केली आणि चिपांसारख्या नाजूक वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवविला. २०२१ च्या प्रारंभी चिपांच्या टंचाईने अन्य मोटार कारखाने थंडावले, त्या वेळी तिला ही शिदोरी उपयोगी पडली. सप्टेंबरात तिलाही उत्पादन बरेच घटवावे लागले. तथापि त्या वर्षी अमेरिकेच्या बाजारात तिने जनरल मोटर्सला विक्रीत मागे टाकले. ज्या कंपनीने जगास साठा कमी करावयास शिकविले, तिनेच योग्य जागी साठा वाढविला, ही गंमत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

स्पेनची झारा ही कपड्यांची पेढी उलट बाजूने जाते. तिच्या चंचल फॅशनच्या मालाचा बराच भाग स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या प्रदेशांत शिवला जातो. मजुरी आशियाहून जास्त पडते, पण दुकानांत आठवड्यातून दोनदा नवा माल येतो आणि न खपलेला माल मातीमोल विकण्याची पाळी कमी येते. बारमाही खपणाऱ्या साध्या सदऱ्यांसाठी मात्र बांगलादेशातून जहाजाने माल आणणेच शहाणपणाचे. ज्याचा माल जसा, तशी त्याची वाट असावी, असे आमचे मत आहे.

आता आपल्या घरचे उदाहरण. नाशिकचे द्राक्ष युरोपात पोचते ते केवळ गोडीवर पोचत नाही. घड तोडल्यापासून काही तासांत तो थंड करावा लागतो, पेटीत गंधकयुक्त कागद घालावा लागतो, आणि शून्य अंशाच्या आसपासचे तापमान न्हावा-शेवा बंदरापासून रॉटरडॅमपर्यंत सांभाळावे लागते. वाटेत एकदा जरी ही साखळी तुटली तरी वर्षाची मेहनत पाण्यात जाते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. पुढील हंगामात जहाजे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला आणि भाडेही चढले. दक्षिण आफ्रिकेचे द्राक्ष अटलांटिकमार्गे जात असल्याने त्याची वाट होती तेवढीच राहिली. आपल्या बागाईतदाराचा यात काय दोष? दोष नाही, पण ज्यांची शीतकरणाची व्यवस्था आधीपासून चोख असते, त्यांचा माल असा लांबलेला प्रवास अधिक सोसतो, हेही तितकेच खरे.

जागतिक बँक या बाबतीत देशांची क्रमवारी लावते. २०२३ च्या यादीत १३९ देशांत सिंगापूर पहिले होते व भारत ३८ वा. २०१८ साली तो ४४ वा होता. रस्ते, बंदरे, जकातीची कचेरी ही सरकारची बाजू झाली. ती सुधारत असता कंपनीच्या आत हे काम जाणणारी माणसे नसतील, तर सुधारलेल्या रस्त्याचा लाभ परकी स्पर्धकच आधी उठवील.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक विनंती आहे. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसच दिला जातो. गोदाम, आवक-जावक, जहाजाचे कागद हे गुमास्त्याचे काम, त्यासाठी शिष्यवृत्ती कशाला, असा आक्षेप गेल्या सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी घेतला. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो की, अल्बुकर्कीच्या आगीची बातमी प्रथम ओळखली ती असेच काम करणाऱ्यांनी. येत्या वर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या, त्यांतील एक मुलींसाठी, या शिक्षणास द्याव्यात. पहिल्या वर्षीच्या रकमेत आमचाही वाटा राहील. तो आम्ही चिटणिसांकडे आजच देत आहोत.