धुराचा कायदा आणि आपला मोहल्ला

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वायुप्रदूषणाच्या कायद्यावर बोलण्यास मी उभा आहे, तो वकील म्हणून नव्हे. मी इतिहास-भूगोल शिकविणारा साधा शिक्षक आहे. शिवाय, ज्या कायद्याविषयी बोलणार आहे तो मी स्वतः मोडलेला आहे. तेथूनच सुरुवात करतो.

सन 2018 चे फेब्रुवारी-मार्च आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. आपले शहर तेव्हा औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर हे नाव 2023 मध्ये आले. नारेगाव, मांडकी, गोपाळपूर या भागातील लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि दररोज निघणारा शेकडो टन कचरा शहरातच साचू लागला. वर्तमानपत्रांनी त्याला 'कचराकोंडी' म्हटले. मी तेव्हा ज्या शाळेत नवा नवा लागलो होतो, तिच्या फाटकाशेजारी ढीग कंबरेएवढा झाला. एके दिवशी सकाळी प्रार्थनेपूर्वी मी जुने वर्तमानपत्र पेटवून त्या ढिगात टाकले. त्यात काय नव्हते? प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, चपला, शिळे अन्न. सुटलो एकदाचे, असे मला वाटले.

तिसऱ्या तासाला सातवीतील एक मुलगा बाकावर डोके टेकून बसला. त्याला दम्याचा त्रास होता. छाती भात्यासारखी चालली होती. निरोप पाठविला तशी त्याची आई रिक्षाने आली. "सर, हा धूर कुठून येतोय?" तिने विचारले. मी रस्त्याकडे बोट दाखविले. खोटे बोललो असे नाही, पण खरेही सांगितले नाही. मुलगा दोन दिवसांनी बरा होऊन आला. ती आई आजही वाटेत भेटली की अदबीने सलाम करते, आणि मला मान वर करवत नाही.

एका ढिगाचा धूर दोन तास सोसला तर ही गत. मग नारेगावचा विचार करा. तेथे शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ टाकला जात होता. ओला आणि सुका कचरा एकत्र रचला की तळाशी हवा पोहोचत नाही. तेथे अन्न कुजते आणि मिथेन नावाचा जळणारा वायू तयार होतो. उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली की ढीग आतून धुमसतो. वरून पाणी मारले तरी आत विझत नाही. हा धूर कोणी श्वासात घेतला? चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांनी, कचरा वेचणाऱ्या बायकांनी, त्यांच्या लेकरांनी. कचरा मात्र आपणा सर्वांचा होता. ज्याच्या घरात जास्त वस्तू येतात त्याचा कचरा जास्त, आणि त्याचे घर ढिगापासून तितकेच लांब. याच गोष्टीला विद्वान 'पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ एवढाच.

मार्च 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. मग गाड्या दुसरी जागा शोधत निघाल्या. 7 मार्चला मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. कांचनवाडीकडेही विरोध झाला. मिटमिटेकर चुकले असे मी म्हणणार नाही. माझ्या दारात गाडी आली असती तर मीही आडवा झोपलो असतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. गाड्या जेथे जेथे गेल्या त्या जागा शहराच्या कडेच्या, शिवेवरच्या होत्या. एखाद्या बंगल्यांच्या वसाहतीतील मोकळे मैदान कोणाला सुचले नाही. नारेगावचा धूर उचलून मिटमिट्याला नेणे म्हणजे न्याय नव्हे. कचऱ्यावर प्रक्रिया करणे हा त्यावर उपाय होता. चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी येथे पुढे प्रकल्प उभारले गेले ते या कोंडीनंतर. लोक अडून बसले नसते तर ते झाले असते काय, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवितो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सन 1972 मध्ये स्टॉकहोम येथे पर्यावरणावर जागतिक परिषद भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे गेल्या होत्या. त्या परिषदेचा आधार घेऊन आपल्या संसदेने 1981 मध्ये हवेच्या प्रदूषणाचा प्रतिबंध व नियंत्रण करणारा कायदा केला. त्याच्या 19 व्या कलमानुसार राज्य सरकार एखादे क्षेत्र वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते आणि जे इंधन नाही असे काहीही तेथे जाळण्यास मनाई करू शकते. 1984 मध्ये भोपाळ घडले. विषारी वायू कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांत प्रथम शिरला. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि 1987 च्या दुरुस्तीने हवेच्या कायद्यात सामान्य माणसालाही स्थान मिळाले: प्रदूषण मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार नेऊ शकतो, ही ती तरतूद. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा व पाणी येतात. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या नियमांनी बंदी केली, आणि त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने अशा जाळण्याला पाच हजार रुपये दंड ठरविला. माझे पाच हजार त्या हिशेबात राहून गेले आहेत! 2023 च्या दुरुस्तीने हवेच्या कायद्यातील तुरुंगवासाच्या बऱ्याच शिक्षा जाऊन तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आला. मोठ्या कारखानदाराला हा दंड म्हणजे खर्चाची आणखी एक बाब ठरेल, अशी माझी भीती आहे.

विद्यार्थ्यांनी रतलामचा खटला अवश्य वाचावा. मध्य प्रदेशातील त्या गावी एका वॉर्डातील लोक उघड्या गटारांच्या दुर्गंधीने त्रासले होते. ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याजवळ पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, पैसे नसणे ही सबब चालणार नाही. लोकांच्या आरोग्याचे काम करावेच लागेल. त्या गावकऱ्यांनी वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे 133 वे कलम 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 152 वे झाले आहे. आकडा बदलला, दार उघडेच आहे.

2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत आपलेही शहर आहे. अशा वेळी शहराची सरासरी सांगितली जाते. आम्हा शिक्षकांना सरासरीचे कौतुक कमी. वर्गाची सरासरी साठ गुण आली म्हणून वीस गुण मिळालेला मुलगा पास होत नाही. तसेच, शहराची हवा मध्यम असली तरी ढिगाशेजारच्या गल्लीची हवा मध्यम नसते.

थोडे आपल्याकडेही पाहू. आपल्या काही गल्ल्यांत भंगारातील वायरी जाळून तांबे काढतात. वायरीवरील आवरण जळते तेव्हा निघणारा काळा धूर साधा नसतो. त्यात डायॉक्सिनसारखी विषे असतात. हे काम बहुधा बारा-चौदा वर्षांची मुले करतात. त्यांना पकडून दंड ठोठावणे सोपे आहे. ते तांबे घेणारा व्यापारी मात्र धुरापासून दूर गादीवर बसलेला असतो. कायद्याने त्याला विचारावे. आणि त्या मुलांनी त्या वेळी आपल्या शाळेत असावे, हे मी या व्यासपीठावरून नाही सांगायचे तर कोठून?

तक्रार करताना पालक बिचकतात. इंग्रजी येत नाही, साहेब रागावतील, असे म्हणतात. अर्ज मराठीत चालतो. त्यात जागा, दिनांक, वेळ आणि काय जळत होते एवढे लिहावे. एक प्रत महापालिकेत, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यावी. दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी तक्रार म्हणजे हवेत बोलणे. पोच असली की पुढच्या वेळी 'आम्हाला माहीतच नव्हते' असे कोणाला म्हणता येत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दहावीच्या वर्गात तासभर बसतो. दहावीचे काही विद्यार्थी अर्ज लिहिण्यास माझ्यासोबत असतात. त्यांच्या शुद्धलेखनाचाही तेवढाच सराव होतो. मागील महिन्यात पहिला अर्ज त्याच आईचा लिहिला. तिच्या घरामागील मोकळ्या प्लॉटवर रोज रात्री टायर जळतात. अर्ज लिहून झाल्यावर, इतक्या वर्षांनी, त्या सकाळची हकीकत मी तिला सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "ते असू द्या सर. पोच कुठल्या खिडकीवर मिळते, तेवढं सांगा."

तेव्हा शनिवारी या. येताना जागेचा पत्ता आणि धूर किती वाजता निघतो, एवढे लिहून आणा.