काम करता का, हे कसं विचारायचं?

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, प्राध्यापक नव्हे. पण टेहळणी आम्ही शिकलो, आणि तिचा पहिला धडा असा: नकाशा आणि जमीन यांत फरक पडला, तर जमिनीवर विश्वास ठेवायचा.

'मुसलमान समाजात बायका घराबाहेर कामाला जात नाहीत, धर्म आडवा येतो' हा आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यातला नकाशा. आता जमीन बघू.

१९८० च्या दशकात बांगलादेशात निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने भराभर वाढले. खेड्यांतून आलेल्या तरुण बायका घोळक्याने ढाक्याच्या रस्त्यांवरून कामाला जाऊ लागल्या. त्याच सुमारास पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी बायकाही कपडेच शिवत होत्या, पण घरात बसून, नगावर पैसे घेऊन. व्हायला हवं होतं उलटं, नाही का?

नायला कबीर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हेच कोडं हाती घेतलं. दोन्ही शहरांतल्या बायकांशी त्या सविस्तर बोलल्या. 'द पॉवर टू चूज' हे त्यांचं पुस्तक २००० साली आलं. ढाक्यात कारखान्यांना बायकाच हव्या होत्या, घरात एकाची कमाई पुरत नव्हती, आणि परक्या शहरात गावकऱ्यांची नजर नव्हती. पडदा आपल्या वागण्यात असतो, तो सांभाळून बाहेर पडता येतं, असा अर्थ अनेकींनी लावला. लंडनमधली बहुतेक कुटुंबं सिल्हेटकडची. शेजारीपाजारी सगळे नातलग, त्यामुळे प्रत्येक पावलाची चर्चा. शिवाय रस्त्यावर वर्णद्वेषाची धास्ती आणि घरात लहान मुलं. धर्म दोन्हीकडे एकच, परिस्थिती मात्र वेगळी.

दुसरी गोष्ट मोजणीची. 'काम करता का?' असं विचारलं, की बाई म्हणते, 'नाही, घरीच असते.' मग भात उकडून वाळवणं, कोंबड्या, गाईगुरं हे कोण बघतं? बांगलादेशाच्या १९८९ च्या श्रमशक्ती पाहणीत ही कामं धरली, तेव्हा काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. बायका त्याच होत्या, बदलला तो प्रश्न. आणि उत्तर देताना सासू किंवा नवरा शेजारी बसलाय का, हेही बघावं लागतं.

ही निव्वळ विद्वानांची चर्चा नाही. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. अशा वेळी दूर बसलेले लोक म्हणतात, तिथला कपडाच घेऊ नका. पण कपडा घेणं थांबलं, तर पहिल्यांदा त्या बाईचीच रोजी जाते. तिला काम हवंय, आणि भिंती पक्क्या हव्यात. तिला विचारल्याशिवाय हे कळत नाही.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला. शेजारच्या वस्तीबद्दल मत बनवण्याआधी चार नेमके प्रश्न विचारा. सकाळी किती वाजता उठता? दिवसभर काय काय करता? पैसे कुणाच्या हातात येतात? खर्च कोण ठरवतं? मग गप्प बसून ऐका.

जय हिंद.