म्हातारी गाडी सकाळी का उठत नाही?

घरासारखी सजवलेली मोटार घेऊन सहकुटुंब यात्रेला निघण्याची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. नवी परवडत नाही. मग कोणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतो, आसने काढून आत बाके, ओटा नि पाण्याची टाकी बसवतो. पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ही गाडी १९८७ साली आणली. तिच्या जुन्या पिढीत मर्सिडिजच्या परवान्याने बनलेले २.४ लिटरचे डिझेल इंजिन असे. इंजिन चिवट, पण थंडीच्या सकाळी ते रुसते, आणि कारागीर म्हणतो, ‘खोलावं लागेल.’ हा खर्च कधी गाडीच्या किमतीला भिडतो. होकार देण्याआधी थोडे आपणच पाहावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे २१ पटींनी दाबली जाऊन तापते आणि तीत डिझेल पेटते. या इंजिनात डिझेल आधी एका लहान कोठीत फवारले जाते. थंडीत कोठीच्या भिंतीच ती उष्णता पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक कोठीला एक हीटर प्लग. सेल्फ मारताना मागे सायलेन्सरकडे कोणाला तरी उभे करा. पांढरा धूर येतो? मग डिझेल पोचते आहे, पेटत नाही. हीटर गेला असेल, सेल्फ हळू फिरत असेल किंवा दाब कमी झाला असेल. धूरच नाही? मग डिझेलच येत नाही. जाळी तुंबली असेल, नाहीतर तडकलेल्या रबरी नळीतून पंपाने हवा धरली असेल. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत हे फार होते.

सेल्फ नुसता ‘टक्’ करतो का? दिवे लावून पाहा. दिवे मंदावले, तर बॅटरी किंवा तिची गंजलेली टोके. रात्रभर आतला पंखा त्याच बॅटरीवर फिरला असेल, तर बिचाऱ्या इंजिनाचा काय दोष? आतल्या दिव्या-पंख्याला बॅटरी वेगळीच हवी.

आता आवाज. आधी कपाटातली भांडी खाली उतरवा. हसू नका, निम्मी खडखड तिथेच निघते! वरून येणारी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची. फटी नीट केल्या की भागते. एकाच सिलिंडरातून कडक ठोका येत असेल, तर नोझल. कारागिराला एकेका नोझलच्या नळीची चकती किंचित सैल करायला सांगा. जिथे ठोका थांबेल, तो सिलिंडर. ते काम त्याचेच. फवारा कातडीत घुसतो, आपला हात जवळ नको. पण बेअरिंगचा ठोकाही अशाने दबतो, बरं का! तेव्हा ते नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहायचे. ठोका त्याच्याबरोबर सरकला, तर फक्त नोझल बदला, इंजिन खोलू नका.

जागचा हलला नाही, खोल नि जड असेल, चढावर वाढत असेल, ऑइलचा दाबही पडत असेल, तर इंजिन तिथेच बंद करा. गाडी ओढून न्या. खालची ऑइलची परात उतरवून बेअरिंग डोळ्यांनी पाहा, आणि मगच वरचे खोलायचे की नाही ते ठरवा.