कोंबडी घेताना हात लावून बघा
(फुलंब्री येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो,

शेत नवऱ्याच्या नावावर, म्हैस सासऱ्याची. बाईचं स्वतःचं म्हणून जे असतं ते बहुतेक खुराड्यात. अंड्यांच्या पैशाचा हिशोब सहसा कोणी मागत नाही. पण कर्ज काढून घेतलेल्या कोंबड्या मेल्या, की गटाचा हप्ता बाईच्याच डोक्यावर राहतो.

मर पुष्कळदा विकत आणलेल्या कोंबडीबरोबरच घरात येते. दारावर जाळी घेऊन येणारा असो की बाजारातला, त्याच्याकडे दहा गावच्या कोंबड्या एकत्र असतात. फार स्वस्त देत असेल तर विचारा, का देतोस? गावात मर लागली की लोक घाईने कोंबड्या विकायला काढतात. आपणही काढतो!

आधी दोन पावलं मागे उभं राहून नुसतं बघा. विक्रेता डालगं हलवतो, तेव्हा सगळ्याच ताठ होतात. तो थांबला की आजारी कोंबडी पुन्हा पिसं फुलवून, डोळे मिटून बसते. अशी एक जरी दिसली, तरी त्या डालग्यातली कोणतीच घेऊ नका. मग हातात घ्या. तुरा काळानिळा नको. फिका असेल तर चौकशी करा; खुडूक कोंबडीचा आणि तलंगेचा फिका असतोच. डोळ्यांत फेस नको, नाकात बुडबुडा नको. चोच उघडून आत पिवळे चट्टे आहेत का बघा. कानाशी धरा, घरघर ऐकू येते. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं किंवा शेपटीखालची पिसं माखलेली असली, तर परत द्या. तो म्हणेल, ‘बाई, घ्यायची तर घ्या, चिवडू नका.’ पैसे आपले आहेत, चिवडायचंच.

घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळी ठेवा. मानमोडी दिसायला दोन आठवडेही लागतात. दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना, नंतर नवीला.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बचत गटाच्याच शेडमध्ये आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एकाएकी पटापट मेल्या तर कापू नका, ओढ्यात टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ‘सगळ्याच मारून टाकतील’ म्हणून बायका गप्प बसतात. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर आपल्यालाच महागात पडतो.

राहिली लस. मानमोडीची लासोटा लस पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून देतात. पण कुपी निदान शंभर पिल्लांची येते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच-सात पिल्लांसाठी एकटी बाई ती कशी आणणार? गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी द्यायची. तर पुढच्या बैठकीला येताना कोणाकडे किती पिल्लं आहेत आणि कोणाकडे कोंबडी अंड्यांवर बसली आहे, ते लिहून आणा.