रानातला मुक्काम

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आतापर्यंत सगळे आपापल्या कामाबद्दल बोलले. मी एका सुट्टीबद्दल बोलणार आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत आपल्या बॅचमधली आम्ही तीन कुटुंबं भोकरदनला आलो आणि आमच्या शेतात तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. सोबत सहा मुलं. सगळ्यांत मोठं नऊ वर्षांचं, सगळ्यांत धाकटं सव्वातीन वर्षांचं. आमच्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "गावात घर असताना रानात कशाला झोपता? घरात काय साप निघाला का?"

प्रश्न रास्त होता. पुण्या-मुंबईची माणसं पवनेच्या काठी, भंडारदऱ्याला पैसे मोजून तंबूत राहायला जातात. आम्हीही मुलांना घेऊन एका धरणाच्या काठी गेलो होतो. तिथे रात्री बारापर्यंत कर्णे वाजत होते आणि दिव्यांच्या माळांमुळे चांदणी दिसेना. परतताना मनात आलं, अंधार आणि शांतता तर आपल्या केळणेच्या काठी फुकट आहे.

आणि रानात झोपणं आपल्याला कुठे नवीन आहे? ज्वारी निसवली की आपल्यातले निम्मे जण जागलीला जायचे. घोंगडी, कंदील, गोफण आणि फडक्यात बांधलेली भाकरी. दुसऱ्या दिवशी वर्गात डुलक्या यायच्या आणि सर कारण न विचारता ओळखायचे. त्या वेळी त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हतं, एवढंच.

आता तयारीचं सांगतो, कारण लहान मुलं सोबत असली की नुसत्या हौसेने भागत नाही. पहिली गोष्ट जागेची. आम्ही गंजीपासून, बांधावरच्या दगडांपासून आणि झुडपांपासून लांब, मोकळ्या सपाट जागी तंबू लावले. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून तो कळतच नाही. त्यामुळे खालून शिवलेला, चेन नीट लागणारा तंबूच हवा. तो नसेल तर खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही आणि रात्री बॅटरीशिवाय उतरायचं नाही, हे दोन नियम मुलांकडून पाठ करून घेतले. आणि काही झालंच तर आवळपट्टी नाही, मंत्र नाही, सरळ रुग्णालय. गाडी त्यासाठी रस्त्याच्या तोंडाशी उभी ठेवली होती.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे दात वाजतात. अंगावर दोन पांघरुणं घेतली तरी खालून गारठा येतो, म्हणून खाली कडब्याचा थर आणि त्यावर सतरंजी. शेगडी मात्र तंबूत कधीच न्यायची नाही. बंद जागेतल्या कोळशाच्या धुराने माणूस झोपेतच जातो. तिसरी गोष्ट विहिरीची. उजाडल्यापासून झोपेपर्यंत एक मोठं माणूस फक्त विहिरीकडे लक्ष ठेवायला. ती पाळी बायकांवरच पडणार नाही, हे आधी ठरवून घेतलं.

दिवसा मुलांना गाव दाखवलं. आपलं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत इथल्या माणसांची नोंद आहे. १९७३ साली इथे उत्खनन झालं. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक बाहुली सापडली, तिच्याशी जुळणारं काम इथेही मिळालं. ती बाहुली मुळात इथली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

मुलांना जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली, तेव्हा शिंदे-भोसल्यांच्या फौजांची छावणी केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलस्ली इथे लढला होता. तंबूंचं एवढं मोठं गाव आपल्या शिवारात होतं, हे ऐकल्यावर पोरांनी आमच्या तीन तंबूंना 'छावणी' असं नाव देऊन टाकलं.

रात्री आगटी पेटवली. शेतात आता कपाशी आणि मका. हुरड्यापुरती चार ओळी ज्वारी आमच्या बटईदारांनी मुद्दाम पेरली होती. तेच कणसं भाजत होते, हातावर चोळून देत होते. गूळ, दही, लसणाची चटणी. मुलांनी मृग, कृत्तिका आणि व्याध डोळ्यांनी पाहिले. धाकटी अंधाराला घाबरून रडली आणि पहिल्या रात्री आईच्या कुशीतून हलली नाही. दुसऱ्या रात्री ती स्वतःच म्हणाली, "दिवा बंद करा, चांदण्या जातात."

आता जे बोलण्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. वडील गेल्यापासून आमचं शेत बटईने आहे. भावात आणि माझ्यात ठेवायचं की विकायचं, हे बोलणं चालू आहे. जमीन रस्त्यालगतची, भावही बरा येतोय. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच चाललंय, मला माहीत आहे. माझ्या मुलांसाठी ते शेत म्हणजे बाबा फोनवर आवाज चढवून बोलतात तो विषय. तिसऱ्या दिवशी तंबू गुंडाळताना मोठीने बटईदारांना विचारलं, "काका, हे कुठपर्यंत आपलं आहे?" त्यांनी तिला बांधाबांधाने चारही कोपऱ्यांना फिरवून आणलं. वडिलांनी मला असंच फिरवलं होतं.

आमचा निर्णय अजून झालेला नाही. झाला तर तो पैशाचा हिशेब करूनच होईल, आणि त्यात गैर काही नाही. पण जी जमीन मुलांनी पायांनी पाहिलेली नाही, तिच्याबद्दल त्यांचं मत आपण गृहीत धरू नये, एवढं मला पटलंय. दोन रात्री पुरतात.

म्हणून या व्यासपीठावरून आवतण देतो. येत्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याच शेतात. पांघरूण ज्याचं त्याने आणायचं, हुरडा आमच्याकडून. गावात राहणाऱ्या मित्रांनी आपली पोरंही आणावीत, म्हणजे शहरातल्या पोरांना गोफण शिकवायला कुणी असेल. आणि सरांना, बाईंना हात जोडून विनंती आहे की एक संध्याकाळ तुम्हीही या. खाट आणि उबदार गोधडी तयार असेल. आमची मुलं तुम्हाला खूप प्रश्न विचारतील. आम्ही वर्गात विचारले नव्हते, तेवढे.